मुंबई ते ऑकलंड: चौदा तास की पंचवीस?

तुम्ही विचारलंय की एका ठिकाणी मुंबई-ऑकलंड १४ तास दाखवतात आणि तिकिटावर रविवारी रात्री निघून मंगळवारी पोचतो असं दिसतं, मग खरं काय? शिवाय सोबत आई आणि दोन वर्षांचं लेकरू.

१४ तास हा नुसता भागाकार आहे. सरळ हवाई अंतर साधारण १२,३०० किमी, त्याला ताशी ९०० ने भागलं. पण मुंबईहून थेट विमानच नाही, कुठेतरी बदलावं लागतंच.

समजा, रविवारी रात्री ११.३० ला मुंबई सोडली. साडेपाच तासांनी सिंगापूर, तिथल्या घड्याळात सोमवार सकाळचे ७.३०. दोन तास थांबून पुढे दहा तास उडालात की ऑकलंडला सोमवारची मध्यरात्र उलटून मंगळवारचे १२.३०. घड्याळानं २५ तास, प्रत्यक्ष साडेसतरा. मधले साडेसात तास वेळेच्या फरकाचे. तेही इथल्या, न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात, म्हणजे सप्टेंबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. एरवी फरक साडेसहाचा.

आता खरा मुद्दा वाटेचा. सिंगापूर जवळजवळ सरळ रेषेतच येतं: ३,९०० अधिक ८,४०० किमी, वळसा नावालाच. दुबईमार्गे मात्र आधी उलटं पश्चिमेला १,९०० किमी जायचं आणि मग १४,२०० किमीची एकच उडी, सोळा तासांची. तिकीट दहा हजारांनी स्वस्त मिळालं तरी आईंच्या गुडघ्यांचा विचार करा. ऑस्ट्रेलियामार्गे जाणार असाल तर भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. फी नाही, पण अर्ज आधी करावा लागतो.

दोन वेगळी तिकिटं जोडू नका. मी पैसे वाचवायला जोडली होती. पहिलं विमान उशिरा आलं, दुसरं गेलं, आणि दुसऱ्या कंपनीनं सरळ हात वर केले. नवीन तिकीट काढलं आणि रात्र खुर्चीत काढली. एकाच बुकिंगवर सगळं घ्या, मध्ये तीनेक तास ठेवा, आईंसाठी व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगा. आणि हो, तुमच्या सांगलीहून अंधेरीच्या विमानतळापर्यंतचे आठ तास कुठल्याच वेबसाइटवर दिसत नाहीत, ते धरा.

उतरल्यावर बायोसिक्युरिटी, म्हणजे बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून सामानाची तपासणी. खायचं जे काही असेल ते फॉर्मवर लिहा. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. माझ्या आईनं गोडा मसाला, मेतकूट आणि रुमालाच्या गाठीत तुळशीचं बी आणलं होतं. फॉर्मवर सगळं लिहिलेलं. अधिकारीणबाईंनी मसाल्याचा डबा उघडला, वास घेतला, हसल्या आणि परत दिला. बी मात्र ठेवून घेतलं. आईनं रुमाल तेवढा मागून घेतला.

लेकरासाठी रात्रीचंच विमान बघा. महिना ठरला की कळवा, वेळा मिळून बघू.