बेसमध्ये नोंदींना आपोआप क्रमांक कसा द्यायचा, आणि मधले क्रमांक का गळतात?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत: लिबरऑफिस बेस या डेटाबेस बनवण्याच्या प्रोग्राममधल्या पुस्तकांच्या यादीत क्रमांक आपोआप कसा पडेल, पहिल्या पुस्तकाला शून्य का मिळालं, आणि नोंद पुसल्यावर तिचा क्रमांक पुन्हा का वापरला जात नाही. पहिले दोन चटकन सुटतात.

टेबल डिझाइन व्ह्यूमध्ये (टेबलाची रचना ठरवायच्या खिडकीत) उघडा. पहिल्या फील्डला, म्हणजे रकान्याला, 'पुस्तक_आयडी' असं काहीतरी नाव द्या आणि प्रकार 'इंटिजर' (पूर्णांक) निवडा. मग खालच्या फील्ड प्रॉपर्टीजमध्ये 'ऑटोव्हॅल्यू' 'यस' करा. त्या ओळीच्या डावीकडच्या चौकोनावर राइट-क्लिक करून 'प्रायमरी की' (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) लावा, पिवळी किल्ली दिसली की झालं. नोंद भरताना हा रकाना रिकामाच सोडायचा, सेव्ह होताना क्रमांक पडतो. हे सगळं टेबलात एकही नोंद नसताना करा. भरलेल्या टेबलात नंतर करायला गेलात तर 'कॉलम बदलता येत नाही, पुसून नवा जोडू का?' असं बेस विचारू शकतो. तिथे घाईत 'हो' म्हटलंत तर त्या रकान्यातला मजकूर गेला. अशा वेळी ऑटोव्हॅल्यू असलेलं नवं टेबल करून जुन्या नोंदी त्यात आणणं बरं.

शून्याचं कारण म्हणजे बेसच्या आत सहसा एचएसक्यूएलडीबी हे डेटा साठवणारं इंजिन असतं आणि त्याची मोजणी शून्यापासून सुरू होते. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा ऑटोनंबर 1 पासून सुरू होतो, म्हणून तिकडून आलेले लोक इथे हमखास गोंधळतात. आकडा बदलायचा असेल तर टूल्स मेनूतून 'एसक्यूएल' (डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा) उघडा आणि ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा: ऑल्टर टेबल "पुस्तके" ऑल्टर कॉलम "पुस्तक_आयडी" रिस्टार्ट विथ 101. टेबलाचं आणि रकान्याचं नाव तुम्ही ठेवलं असेल तसंच, दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा. चिन्हं विसरलात तर इंग्रजी नावं कॅपिटल अक्षरांत वाचली जातात आणि 'टेबल सापडत नाही' असं उत्तर येतं. निम्म्या तक्रारी याच्याच असतात.

आता तिसरा प्रश्न. 17 क्रमांकाचं पुस्तक तुम्ही कुणाला वाचायला दिलंत आणि ते 'उसनी' नावाच्या दुसऱ्या टेबलात नोंदलंत. तिथे पुस्तकाचं नाव नसतं, नुसतं 17 असतं. पुढे ते पुस्तक यादीतून काढलंत, 17 मोकळा झाला आणि डेटाबेसने तो नव्या पुस्तकाला देऊन टाकला, तर ती जुनी उसनवारी भलत्याच पुस्तकाच्या नावावर चढेल. पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठीचंही तेच. म्हणून गेलेला क्रमांक गेला. असे खड्डे बुजवण्याच्या मागे लागू नका. (त्या 'उसनी' टेबलातला पुस्तक_आयडी मात्र साधा इंटिजर ठेवा, ऑटोव्हॅल्यू नको. नाहीतर तो स्वतःचेच आकडे देत बसेल आणि जोडणी जुळणार नाही.)

सगळीकडे हे असंच असतं असंही नाही. एसक्यूएलाइट या दुसऱ्या डेटाबेस इंजिनात नुसतं 'इंटिजर प्रायमरी की' लिहिलं तर सर्वात मोठ्या क्रमांकाच्या पुढचा आकडा मिळतो. त्यामुळे शेवटची नोंद पुसली की तिचाच क्रमांक पुढच्या नोंदीला जातो. ते टाळायला 'ऑटोइन्क्रिमेंट' हा शब्द जोडावा लागतो.

छापील यादीत 1, 2, 3 असे सलग आकडे हवे असतील तर ती हौस रिपोर्टमध्ये भागवा, तिथे ओळी मोजणारा काउंटर लावता येतो. टेबलात अनुक्रमांकाचा वेगळा रकाना ठेवलात तर प्रत्येक वेळी काही पुसलं की तो हाताने दुरुस्त करत बसाल. आणि '100 च्या पुढे कथा, 200 च्या पुढे कविता' अशी विभागणीही आयडीत कोंबू नका. कथांचं 101 वं पुस्तक आलं की ती मोडते. प्रकारासाठी वेगळा रकाना करा.

एवढं करून क्रमांक पडलाच नाही, तर फॉर्मवरून भरताय की थेट टेबलात, ते लिहा. फॉर्मवर आयडीच्या चौकटीला 'रीड-ओन्ली' करून ठेवलंत तर चुकून हाताने आकडा टाकला जाणार नाही.