एकटे जाण्यास अडणारे तट्टू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोबतीला दुसरा घोडा नसला की अडणाऱ्या जनावरांविषयीची पत्रे थांबत नाहीत, आणि बहुतेक पत्रांत घोड्याला आधीच हट्टी ठरवलेले असते. म्हणून यावेळी याच विषयावरची निवडक पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : मेंढपाळाकडून घेतलेले आमचे भीमथडी तट्टू दुसऱ्या घोड्यामागे कुठेही जाते, एकटे काढले की फाटकापाशीच वळते. काय करावे? (मुळशी)

उत्तर : हे तट्टू मेंढपाळांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, बिऱ्हाड पाठीवर घेऊन, इतर जनावरांच्या सोबतीने हिंडलेले असणार, एकटे जाणे त्याला कोणी शिकवलेलेच नाही. त्यामुळे सुरुवात स्वारीने करू नये. म्होरकीला दोर लावून त्याला पायी चालत न्यावे आणि त्याच्याकडे नीट लक्ष ठेवावे. भीती वाढू लागली की मान ताठ वर जाते, एक कान तबेल्याकडे लागून राहतो आणि चालता चालता पातळ लीद पडू लागते. यातले पहिले चिन्ह ज्या ठिकाणी दिसते, त्याच्या थोडे अलीकडेच थांबावे, त्याला मान खाली सोडू द्यावी, चार घास चरू द्यावेत आणि मग आपण होऊन परत फिरावे. परतण्याचा निर्णय स्वाराचा असावा, तट्टवाचा नव्हे. अंतर हळूहळू वाढवावे. पुढे स्वारी सुरू झाल्यावर दुसऱ्या घोड्याबरोबर निघून कधी पुढे, कधी मागे, कधी शेजारच्या वाटेने थोडे वेगळे जावे. घरी येताना चालीनेच यावे आणि आल्या आल्या चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, देऊ नये. मेहनत तबेल्याजवळ आणि विश्रांती दूर, असा क्रम ठेवल्यास घरची ओढ सैल होते. मात्र हे सारे पाठ, दात आणि खूर पशुवैद्यकाकडून तपासून घेतल्यानंतरच.

प्रश्न : सोबतीला शेळी आणली तर ही सवय मोडेल का? (बावधन)

उत्तर : तबेल्यातले एकटेपण कमी होईल, रस्त्यावरची भीती जाणार नाही.

प्रश्न : घोडा विकणारा म्हणतो की काटेरी लगाम घाला, दोन दिवसांत सरळ येईल. (हडपसर)

उत्तर : पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या ज्या मोकळ्या हिरडीवर लगाम बसतो, तिथे हाडावर पातळ आवरणाखेरीज काहीही नसते, आपल्या नडगीवर नख दाबून पाहावे, म्हणजे कल्पना येईल. तिथे काटे रुतले की हिरडी सोलते, जीभ आणि ओठांचे कोपरे फाटतात आणि कधी हाडालाही इजा होते. घोडा थांबतो हे खरे, परंतु तो दुखते म्हणून थांबतो, आणि एकटे बाहेर पडले की तोंड फाटते एवढेच त्यातून शिकतो. मूळच्या भीतीत वेदनेची भर पडून तो मागच्या पायांवर उभा राहू लागला की मालक त्याला स्वभावाने खराब म्हणून विकून टाकतो, आणि नवा मालक मला पत्र लिहितो! ओढकाम करणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीच्या केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांतील आठव्या नियमाने काटेरी लगामांना मनाई केलेली आहे. तरीही असे लगाम बिनदिक्कत विकले जातात. आपण तो घातला असेल तर आजच काढावा, तोंड पशुवैद्यकाला दाखवावे आणि साध्या गुळगुळीत लगामाचे माप जाणत्या प्रशिक्षकाकडून ठरवून घ्यावे. दोन दिवसांत सरळ करून देण्याची हमी देणाऱ्याकडून पुन्हा घोडा घेऊ नये.

प्रश्न : रपेटीपूर्वी शांत करणारी पावडर किंवा इंजेक्शन द्यावे का? (वाघोली)

उत्तर : नाही. डब्यावर ‘नैसर्गिक’ छापल्याने पावडर घोड्याला काही शिकवत नाही. गुंगीच्या औषधाने पाय अडखळतात, भीती मात्र तशीच राहते. शिवाय असिप्रोमाझिन या गुंगीच्या औषधामुळे नर घोड्याचे लिंग बाहेर लोंबून राहण्याचा, क्वचित ते कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय सुई टोचू नये, आणि टोचल्यावर स्वारी करू नये.

प्रश्न : एकटी जाणारी आमची घोडी महिन्यापासून अडते. पावसाळा संपेपर्यंत वाट पाहावी का? (बारामती)

उत्तर : महिनाभर पाहिलीत तीच वाट जास्त झाली. जुनी सवय अचानक बदलली की आधी दुखणे शोधावे. दाढेचे धारदार टोक, पाठ, नजर, जठरातले व्रण यांपैकी काहीही कारण असू शकते. ओल्या तबेल्यात खुराच्या तळव्याचा मऊ भागही कुजतो. रपेटीनंतर खोगीर उतरवल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा डाग दिसला, तर तिथे खोगिराचा जादा दाब पडत असण्याची शक्यता असते. याच आठवड्यात पशुवैद्यकाला बोलवावे, आणि त्यांनी सुचवल्यास शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करावी.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीला अशा तट्टवावर एकटे पाठवावे का? (पाषाण)

उत्तर : नाही. ते आधी मोठ्या, जाणत्या स्वाराखाली शांतपणे एकटे जाऊ लागू द्यावे, मग प्रशिक्षकाला विचारावे.