सौँफ, शेप आणि शंभर फुलं

विचारणा अशी आहे: नेपाळी मालपुव्याच्या कृतीत ‘सौँफ’ आहे, मराठी रूपांतरात ‘शेपा’ छापलंय, तर घालायचं काय?

बडीशेप. शेपा म्हणजे बाळंतशेपा, शेपूच्या भाजीचं बी: चपटं, कडेला पापुद्रा असलेलं, वासाला उग्र. गोड पदार्थात ते घालून बघू नका. ही गफलत सतत दिसते. त्याहून डोक्यात जातं ते ‘बडीशोफ’. अहो, शोफ म्हणजे सूज! वैद्याला विचारा.

गफलत होते कारण सौंफ आणि शेप या सख्ख्या बहिणी आहेत. मूळ ‘शतपुष्पा’, म्हणजे एका छत्रीत दाटलेली शेकडो बारीक फुलं. प्राकृतात ‘सयपुप्फा’. आता मजा पाहा. हिंदीत शंभर म्हणजे सौ, आणि मसाला सौंफ. मराठीत दोनशे, तीनशे, आणि मसाला शेप! शंभराचा आकडा दोन्ही भाषांनी आपापल्या उच्चारात जपलाय. पानं शेपटासारखी म्हणून शेप, असं ठोकून देणारे सौंफचं काय करणार आहेत? शेपटाचं मूळ वेगळं.

आयुर्वेदाच्या नावाखाली ‘शतपुष्पा म्हणजे बडीशेप’ लिहिणाऱ्यांनीही अमरकोश उघडावा. शतपुष्पा तिथे एका जागी, मधुरिका आणि मिश्रेया दुसऱ्या जागी. बडीशेप ती ही दुसरी. ‘मिसि’ हे नाव मात्र दोघींनाही दिलंय, म्हणजे घोळ तेव्हापासूनचा. बंगालीनं मधुरिकेची ‘मौरी’ केली, ओडियात ‘पानमधुरी’ आहे. आपण शेपूच्याच नावामागे ‘बडी’ लावून मोकळे झालो. आणि हे ‘बडी’ तरी मराठी कुठे? घरची असती तर थोरली शेप म्हटलं असतं. माझं ठाम मत आहे की हा दाणा उत्तरेच्या बाजारातून विशेषणासकट आला.

नेपाळीतही तसंच झालं असावं. नेपाळी माणूस शंभराला ‘सय’ म्हणतो, सौ नाही. पण मसाला मात्र सौँफ. माझा कयास, शब्द मैदानातून डोंगर चढला. स्वयंपाकही तेच सांगतो. पहाडी डाळीला फोडणी जिम्बूची, म्हणजे कांद्याच्या जातीतल्या वाळवलेल्या पातीची, भाजीला मेथीची, ज्वानोची. सौँफ भेटते ती मालपुव्यात, लप्सी नावाच्या आंबट फळाच्या आंबटगोड अचारात, तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातल्या, मैथिली घरांच्या ठेकुव्यात (तळलेला गोड पदार्थ) आणि पाच मसाल्यांच्या पाचफोडणीत.

आणि हो, ‘ज्वानो’ म्हणजे ओवा. नेपाळात बाळंतिणीला ज्वानोचा झोल, म्हणजे पातळ रस्सा, देतात, आपल्याकडे बाळंतशेपा, म्हणून तिथेही कुणी ‘शेपा’ लिहून मोकळं होईल. कृपा करून तेवढं करू नका.