काळा रंग राखाडी का दिसला?

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीने भाड्याच्या मल्टिप्लेक्समध्ये ‘चायनाटाउन’ (१९७४) डीसीपीवरून, म्हणजे थिएटरसाठीच्या डिजिटल प्रतीवरून, दाखवला. रात्रीच्या प्रसंगांत काळा रंग राखाडी, धुरकट दिसला. प्रत खराब होती का?

उत्तर : प्रतीवर शंका घेण्याआधी सभागृह तपासा. ‘चायनाटाउन’सारख्या नॉयरचा, म्हणजे गडद छायाप्रकाशातल्या गुन्हेपटाचा, जीव सावलीत असतो. पायऱ्यांचे दिवे पडद्यावर सांडत असतील, प्रोजेक्टरच्या बूथच्या काचेवर धूळ किंवा तेलकट थर असेल, तर आधी काळाच मरतो. काच दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. थ्रीडी सभागृहात लेन्ससमोरचा फिल्टर बाजूला केलेला नसला तर चित्रच अंधुक होतं. तिथला चंदेरी पडदा मध्ये उजळ आणि कडांना मंद दिसतो, म्हणून शक्यतो पांढऱ्या पडद्याचं सभागृह मागा. पांढऱ्या चौकटीवर पडद्याच्या मध्यभागी ४८ निट्स (उजळपणाचं एकक) उजेड हवा. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा जुना झाला की हा उजेड हळूहळू घसरतो आणि सवयीने कुणाच्या लक्षात येत नाही.

हा चित्रपट स्कोपमध्ये, म्हणजे जास्त रुंद चौकटीत, आहे. त्यामुळे प्रोजेक्टरवर स्कोपचाच प्रीसेट (आधी ठरवून ठेवलेली मांडणी) लावा आणि पडद्याचं काळं मास्किंग, म्हणजे कडेचं काळं कापड, चित्राच्या कडेपर्यंत आणा. उघडी राहिलेली राखाडी पट्टी सगळा अंधार फिका करते.

डीसीपी कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली, म्हणजे केडीएम, ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. वितरकाकडे ती आदल्या दिवसापासूनची मागा. मग सर्वांत काळोखा प्रसंग दिवे मालवून दहा मिनिटं, शेवटच्या रांगेतून आणि कडेच्या खुर्चीवरूनही बघा.