माणसात 46 गुणसूत्रं आणि चिंपांझीत 48, मग दोघांचा पूर्वज एकच कसा?

गुणसूत्रांची अख्खी जोडी हरवली असती तर तिच्यावरची शेकडो जनुकंही गेली असती आणि तो गर्भ जगलाच नसता. जोडी हरवलेली नाही, दुसऱ्या जोडीला चिकटली आहे. आपलं 2 क्रमांकाचं गुणसूत्र ते हेच.

चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान या सगळ्यांत 48 गुणसूत्रं आहेत. म्हणजे बदल आपल्याच फांदीवर झाला. चिंपांझीची दोन लहान गुणसूत्रं टोकाला टोक लावून ठेवली की रंगवल्यावर दिसणारे पट्टे आपल्या 2 नंबरशी जुळतात. हे 1982 साली दाखवलं गेलं. 1991 मध्ये नेमका सांधा वाचला गेला. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला 'टीटीएजीजीजी' ही डीएनएची अक्षरं शेकडो वेळा येतात. त्या टोपीला टेलोमिअर म्हणतात. आपल्या 2 नंबरमध्ये ती टोकांवर आहेच, पण मध्येही सापडते: आधी सुलट, आणि लगेच पुढे उलट दिशेने. तिथली अक्षरं बरीच बिघडलेली आहेत, आणि उत्क्रांती न मानणारे त्यावरच बोट ठेवतात. पण टोक राखायचं काम उरलं नाही की तिथल्या चुका गाळल्या जात नाहीत, साचत जातात.

दुसरी खूण सेंट्रोमिअरची. पेशी दुभंगताना गुणसूत्र याच जागी ओढलं जातं. दोन चालू सेंट्रोमिअर असले तर गुणसूत्र दोन्हीकडे खेचलं जाऊन तुटतं. आपल्या 2 नंबरवर एक चालू आहे, दुसऱ्याचे नुसते अवशेष.

मग पुढचा प्रश्न येतोच: जोड आधी आई किंवा बाप एकाकडूनच आला असणार, तर 47 गुणसूत्रं असलेल्या त्या पहिल्या जीवाला पिल्लं कशी झाली? आजही साधारण हजारात एका माणसाची दोन गुणसूत्रं जोडलेली असतात (जोड जरा वेगळ्या प्रकारचा), एकूण 45, आणि तब्येत ठणठणीत. गर्भपाताचा धोका वाढतो. 21 नंबर त्या जोडात असेल तर डाउन सिंड्रोमचाही. पण निरोगी मुलंही होतात. छोट्या टोळीत असे 47 वाले दोघे एकत्र आले की 46 वालं पिल्लू जन्मू शकतं.

एकूणच, गुणसूत्रं मोजून नातं ठरवू नका. भारतीय भेकराच्या मादीत 6 आणि नरात 7 असतात, तर त्याच प्रजातीकुळातल्या चिनी भेकरात 46! नातं अक्षरांच्या क्रमावरून बघतात. 2005 साली चिंपांझीचा जनुकसंच वाचला तेव्हा जुळवता येणाऱ्या भागात एकेका अक्षराचा फरक सुमारे 1.2 टक्के निघाला. गाळलेले आणि घुसलेले तुकडे धरले की तो आकडा वाढतो, त्यामुळे '99 टक्के सारखे' म्हणताना काय मोजलं तेही सांगावं.