भिंतीवरची काळी बुरशी विषारी असते का? तपासणीला माणूस कधी बोलवावा?

कपाटामागची काळी बुरशी दोनदा पुसूनही परत येते, मुलाचा खोकला हटत नाही, तर ही 'विषारी' बुरशी आहे का आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवू का, असं तुम्ही विचारलंय.

नमुन्यावर पैसे घालवू नका. मी इमारतींमधली ओल शोधायचं काम करतो. रंगावरून काहीच ठरत नाही. 'विषारी' म्हणून जिचा एवढा बोभाटा झालाय ती स्टॅकिबॉट्रिस बुरशी काळी, आणि बाथरूममध्ये सर्रास दिसणारी क्लॅडोस्पोरियमही काळपटच. घरातल्या हवेत बुरशीचे किती बीजाणू (तिचे उडणारे सूक्ष्म कण) चालतात याची सर्वमान्य मर्यादा नाही, त्यामुळे अहवालात आकडा आला तरी त्याचं करायचं काय? नाव काहीही निघो, पाणी थांबवायचं आणि बुरशी काढायची, एवढंच काम उरतं.

खोकल्याकडे मात्र दुर्लक्ष नको. दमट, बुरशी लागलेल्या घरांत खोकला, छातीतली घरघर आणि दमा जास्त आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 सालीच नोंदवलंय. मुलाला डॉक्टरांना दाखवा आणि घरात ओल आहे हे आवर्जून सांगा. चार दिवस दुसरीकडे राहिल्यावर खोकला कमी होतो का, तेही सांगा. घरात कोणाची केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालं असेल, तर त्यांना त्या खोलीत ठेवूच नका. अशा माणसांच्या फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी शिरली तर जिवावर बेतू शकतं.

आता पाणी कुठून येतंय ते बघू. भिंतीचा ओला भाग पंख्याने वरवर सुकवा, त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा लावा आणि चारही कडा टेपने पक्क्या बंद करा. एक-दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ती खोलीतल्या हवेतली वाफ. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडी ठेवा, आर्द्रता 60 टक्क्यांच्या आत राहील असं बघा. फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी असेल तर ते आतून झिरपतंय. मग सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवर नजर ठेवा. काटा हलला तर पाइप गळतोय.

डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तर घरीच साफ करता येतो. एन-95 मास्क, हातमोजे, गॉगल, साबणाचं पाणी. कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. ब्लीच वापरलंत तर त्यात अमोनिया किंवा टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि बुरशीवर रंग मारणं म्हणजे पुढच्या पोपड्यांची सोय.

डाग याहून मोठा असेल, सांडपाणी शिरलं असेल, एसीच्या डक्टमध्ये बुरशी असेल किंवा कुबट वास येतो पण काही दिसत नाही, तर तपासणी करून घ्याच. तुमची बुरशी पुसूनही परत येतेय, म्हणून फॉइलमागे पाणी दिसलं आणि उगम सापडला नाही तर तुम्हीही बोलवा. पण येणाऱ्याकडे ओल मोजायचं मीटर असावं, आणि शक्यतो साफसफाईचं कंत्राट त्याच्याकडेच नसावं. 'पाणी कुठून येतंय?' याचं उत्तर त्याच्याकडून लेखी घ्या.