लाईट आली, मोटार आपोआप सुरू झाली. सालगड्याच्या मृत्यूची भरपाई कोणी द्यायची?

प्रश्न : मी गेवराई तालुक्यातला शेतकरी. जुलै 2025 मध्ये लाईट गेलेली असताना आमचा सालगडी (वय 35) विहिरीवर मोटारीच्या केबलचा जोड बांधत होता. स्टार्टर ऑटोवर होता. लाईट आली, मोटार सुरू झाली आणि शॉक लागून तो गेला. मी तेव्हा बीडला होतो, बटण कोणीच दाबलं नाही. मेन स्विच बंद न करता तो कामाला बसला, ही त्याची चूक. तरी सरपंचांसमोर 500 च्या स्टॅम्पवर त्याच्या बायकोला 1 लाख रुपये दिले आणि 'पुढे मागणी नाही' असं लिहून घेतलं. आता तिच्या वकिलाची नोटीस आली आहे. मी देणं लागतो का?

उत्तर : हो, लागता. तुम्हाला हे कडू वाटेल, पण आधी स्पष्ट सांगणं बरं.

'बटण कोणी दाबलं नाही' हा बचाव टिकणार नाही. ऑटो म्हणजे तुम्हीच आधी दाबून ठेवलेलं बटण. विहिरीत माणूस उतरलाय की नाही, हे स्टार्टरच्या पेटीला कळत नाही. तिला फक्त फेज आल्याचं कळतं. सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते, म्हणून ऑटो काढा असं महावितरण सांगत आलं आहे. जोड उघडून बसलेल्या माणसाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अपघात जुलैचा, म्हणून 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होईल. (21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.) विजेवर चालणाऱ्या साधनांनी शेती करणारा मजूर या कायद्यात येतो. इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना अपघात झाला एवढं पुरतं. सूचना मोडली, दारू प्यायला होता, असे बचाव मृत्यूच्या प्रकरणात चालतच नाहीत. त्यामुळे मेन स्विचचा मुद्दा सोडून द्या.

स्टॅम्पवरचा कागदही उपयोगाचा नाही. हक्क सोडून देणारा करार कलम 17 नुसार रद्दबातल आहे, आणि मृत्यूची भरपाई या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसाच्या हातात दिलेल्या पैशांपैकी तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वजा होऊ शकते. बाकीचं वजा होईल, असं धरून चालू नका.

समजा साल 1,20,000 चं होतं, म्हणजे महिना 10,000. त्याचा निम्मा 5,000, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला 35 व्या वर्षाचा गुणक 197.06, म्हणजे 9,85,300 रुपये. वर धान्य देत असाल तर तेही पगारात धरतात (मात्र हिशेबाला पगार 15,000 पर्यंतच). महिन्याभरात भरणा झाला नाही की 12 टक्के व्याज, शिवाय दंड. दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा तिची नोटीस वेळेत आहे. भांडत बसण्यापेक्षा रक्कम जमा करा, असा माझा सल्ला. त्या घरातला कमावता माणूस तुमच्या रानात गेला आहे.

पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली गुन्हा नोंदवला असेल, तर तो जामीनपात्र आहे. तिथे मात्र तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो.

स्टार्टर विकणाऱ्याने किंवा बनवणाऱ्याने धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात उत्पादन-दायित्वाचा (सदोष मालाबद्दल भरपाईचा) दावा करता येतो; मुदत दोन वर्षं. 'हा धोका सगळ्यांना माहीतच असतो,' असं ते म्हणतील. म्हणून बिल, माहितीपत्रक आणि पेटी आहे तशी ठेवा, दुरुस्त करू नका. पण या दाव्यासाठी विधवेचे पैसे थांबवू नका.

दुसऱ्या बोअरवर ऑटो असेल तर आजच वायरमन बोलावून काढून घ्या. यापुढे मोटारीला हात लावण्याआधी मेन खाली, किटकॅट (फ्यूज) बाहेर, पेटीला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात.